अमर अय्यारची झोळी आणि डोरेमॉनचा खिसा

(मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'आजचा तरुण आणि वाचन'. या विषयावर माझ्या वयाची माणसं काय बोलतात ते तुम्हाला पाठ आहे. मोबाईल वाईट, पुस्तक चांगलं, आमच्या काळी असं नव्हतं. ते मी बोलणार नाही. एक तर मला ते खरं वाटत नाही, आणि दुसरं, तुम्ही अर्धे उठून जाल. मी अकोल्यात मराठी शिकवते. माझ्या वर्गात चार पानांचा धडा न वाचणारी पोरं आहेत, आणि त्याच पोरांनी 'नारुतो'चे दोन्ही मालिका मिळून सातशे वीस भाग पाहिलेत. कोण कोणाचा गुरू, कोणत्या घराण्याची काय विद्या, कोणत्या गावाचं कोणाशी वैर, सगळं तोंडपाठ. एवढी वंशावळ इतिहासाच्या पेपरात आली असती तर सगळे पहिल्या वर्गात पास झाले असते. तेव्हा तुम्हाला गोष्टींची भूक नाही, असं मी कसं म्हणू?

मला बोलायचंय ते एका प्रश्नावर. एका मुलानं तो मला वर्ग सुटल्यावर, बाकीचे गेले की मग विचारला. "मॅडम, हे चालते का?" मी म्हटलं, "कोणाला चालते का?" तो गप्प. त्याच्या 'चालते का'मध्ये दोन प्रश्न होते. पहिला घरातला: चित्रं, जादू, राक्षस, दुसऱ्यांचे देव, हे पाहिलं तर दीनला चालतं का? दुसरा बाहेरचा: आपण मुसलमान, आपल्याकडे आधीच लोक वाकड्या नजरेनं पाहतात, त्यात हे परदेशी वेड, चालतं का? पहिल्याचं उत्तर तुम्ही तुमच्या जाणत्या माणसांशी बोलून शोधा. त्या बाबतीत अधिकारवाणीनं बोलायला मी आलिमा नाही. गोष्टीतला जिन पाहिला म्हणून कोणी जिनची पूजा करायला लागलेला माझ्या पाहण्यात नाही, एवढंच सांगते. दुसरा प्रश्न मात्र माझ्या विषयातला आहे, कारण तो गोष्टींच्या मालकीचा आहे.

माझी नानी पातूरची. तिला वाचता येत नव्हतं. पण अमर अय्यार तिला माहीत होता. अमर अय्यार म्हणजे अमीर हमजाच्या दास्तानमधला नंबर एकचा बदमाश. हमजा शूर, देखणा, तलवारबाज, म्हणजे थोडा कंटाळवाणा. अमर किडकिडीत, लोभी, पैशाला जीव देणारा, पण शत्रूच्या गोटात शिरायचं तर तोच पाहिजे. तो रूप बदलतो, बाईचा वेष घेतो, बेशुद्धीची पूड उडवतो. त्याच्याकडे एक चादर आहे, ती पांघरली की दिसेनासा होतो. आणि त्याच्या काखेला एक झोळी आहे, जंबील. त्या जंबीलमध्ये काहीही मावतं. माणसं मावतात, खजिने मावतात, आत अख्खी शहरं वसली आहेत.

आता सांगा, हे कुठं पाहिलंय? पुढच्या रांगेतून आवाज आला, "डोरेमॉन." बरोबर. डोरेमॉनच्या पोटावरचा खिसा. फुजिको फुजिओ यांनी ही चित्रकथा १९६९ च्या डिसेंबरात सुरू केली. जंबील तिच्या कितीतरी आधीची. त्यांनी ती उचलली असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. जगात सगळीकडच्या गरीब पोरांना 'काहीही निघेल अशी पिशवी' हवी असते, एवढंच. आणि रूप बदलणारा, धूर सोडून पळणारा, शत्रूच्या गोटात शिरणारा, पण स्वतःच्या माणसांशी इमान राखणारा अय्यार? तो तर तुमचा निंजाच झाला. म्हणजे माझ्या नानीनं नारुतोच्या जवळपासचं काहीतरी कंदिलाच्या उजेडात ऐकलं होतं, टीव्ही नसताना.

या दास्तानचा प्रवास पाहा. नायकाचं नाव अरबी, हजरत पैगंबरांच्या काकांचं. पण गोष्टी फिरल्या इराणात, आणि हिंदुस्थानात येऊन इतक्या फुगल्या की मूळ कुठं राहिलं ते कळेना. अकबर बादशहाला तिचं इतकं वेड की त्यानं सोळाव्या शतकात कापडावर सुमारे चौदाशे मोठी चित्रं काढून घेतली. ते काम पंधरा वर्षं चाललं. एवढ्या चित्रकारांना एका गोष्टीला जुंपणं, म्हणजे त्या काळचा अॅनिमे स्टुडिओच म्हणा. पुढे लखनौला मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यानं ती उर्दूत छापली. १८८३ पासून १९१७ पर्यंत, सेहेचाळीस जाडजूड खंड. त्यात सगळ्यात लोकप्रिय 'तिलिस्म-ए-होशरुबा'. मुन्शी नवल किशोर हिंदू होते. कुराण शरीफच्या सुबक प्रतीही त्यांच्या छापखान्यात निघायच्या, आणि हिंदू ग्रंथही.

तिकडे १८८८ मध्ये देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आली. ती वाचता यावी म्हणून लोकांनी नागरी लिपी शिकली, असं हिंदीवाले अभिमानानं सांगतात. तिच्यात काय आहे? अय्यार आहेत आणि तिलिस्म आहे. हे दोन्ही शब्द आपल्या दास्तानमधले. ज्या पुस्तकानं हिंदीला वाचक दिले, त्याची हाडं उर्दूची होती. मराठीचंही तेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या, आणि त्या कामाला पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांचाही हात लागला. हे विष्णुशास्त्री म्हणजे 'निबंधमाला'वाले, मराठीचा कडवा अभिमान बाळगणारे, 'केसरी'च्या संस्थापकांपैकी एक. त्यांना बगदादच्या गोष्टी मराठीत आणताना मराठीपणाला धक्का लागतो असं वाटलं नाही.

मग मालकीचं भांडण सुरू कुठं होतं? त्याचं एक चांगलं उदाहरण खुद्द जपानशी जोडलेलं आहे. युगो साको नावाचे जपानी चित्रपटकार १९८३ मध्ये अलाहाबादजवळच्या उत्खननावर माहितीपट करायला आपल्याकडे आले. बी. बी. लाल यांचं ते उत्खनन. तिथं त्यांना रामायणाची ओढ लागली. त्यांनी एकामागून एक भाषांतरं वाचली आणि ठरवलं, यावर अॅनिमे करायचा. बातमी आल्यावर विश्व हिंदू परिषदेनं जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला. रामायण हा आमचा राष्ट्रीय वारसा, परक्यानं तो मनमानी पद्धतीनं पडद्यावर आणू नये, असा त्याचा आशय. साको यांनी समजावण्याचा प्रयत्न केला, पण भारत सरकारनंही विषय नाजूक म्हणून हात झटकले. शेवटी चित्रपट जपानमध्येच बनला, पण एकट्या जपान्यांनी नव्हे. आपल्या मुंबईचे राम मोहन, भारतीय अॅनिमेशनचे जुने जाणते, दिग्दर्शनात बरोबरीनं होते. धोतराची घडी कशी पडते, नमस्कार कसा करतात, हे जपानी चित्रकारांना भारतीयांकडून शिकावं लागलं. १९९२-९३ मध्ये तो तयार झाला. तेव्हाचा देश कसा होता ते तुमच्या अब्बांना विचारा. इथल्या थिएटरांत तो धडपणे आलाच नाही. नंतर पोरांनी तो टीव्हीवर पाहिला आणि त्याच्यावर जीव टाकला. आणि २०२५ च्या जानेवारीत तोच चित्रपट देशभर थाटात लागला, कौतुकानं, मोठमोठ्या जाहिराती करून. ज्याला परका म्हणून अडवला तो बेचाळीस वर्षांनी आपला झाला. मधल्या काळात त्यातली एक रेघ बदलली नव्हती.

दुसरं उदाहरण, म्हणजे हे फक्त आपल्याकडे होतं असं वाटायला नको. बांगलादेशनं २०१३ मध्ये डोरेमॉन बंद केला. कारण? ते हिंदीत यायचं आणि ढाक्याची पोरं घरात हिंदी बोलायला लागली होती. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत इम्रान खान यांच्या पक्षानं डोरेमॉनवर बंदी आणा असा ठराव दिला. तिथंही हिंदीची तक्रार होतीच. बिचारं निळं मांजर जपानचं, २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्यानं त्याला अॅनिमेचा राजदूत नेमलेलं, आणि ढाक्यात, लाहोरात त्याच्यावर आरोप काय, तर ते हिंदुस्थानी आहे! हसू नका. आपल्याकडेही ते हिंदीच शिकवतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला की सरकारला जूनअखेर दोन्ही आदेश मागे घ्यावे लागले. पण पहिलीच्या आधी, दोन वर्षं वयाला, दूध-भात खाताना आपली पोरं हिंदी शिकून मोकळी होतात ती या मांजराकडून. त्याच वर्षी 'डीमन स्लेयर'चा मोठा चित्रपट आला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. मराठी नाही. मराठी पोरं पाहतात, पण मराठीत मागत नाहीत. २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा चित्रपट भारतात लावा म्हणून इथल्या चाहत्यांनी हजारो सह्या गोळा केल्या आणि तो लागला. म्हणजे मागितलं तर मिळतं.

जपानी लोक याबाबत काही साधुसंत नाहीत, हेही सांगते, कारण चाहता झाला की माणूस आंधळा होतो. मोमोतारो नावाची त्यांची जुनी परीकथा आहे, पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा, सोबत कुत्रा, माकड आणि तितर. १९४५ मध्ये, युद्ध हरत असताना, त्यांच्या नौदलानं याच मोमोतारोला सेनापती करून पूर्ण लांबीचा कार्टून चित्रपट काढून घेतला. त्यात आशियातल्या बेटांवरची प्राणी-जनता गोड आवाजात जपानी अक्षरं शिकते. पाहायला देखणा आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. तरुण ओसामु तेझुका यांनी तो थिएटरात पाहिला होता. पुढे तेच जपानी चित्रकथेचे गुरू झाले आणि युद्धाच्या विरोधात लिहीत राहिले. म्हणजे अद्भुतकथा आपोआप उदार नसते. तिला लष्करी टोपीही घालता येते.

आणि त्यांनी आपल्याला कसं काढलं? 'मागी'मध्ये अलादीन, अलीबाबा, सिंदबाद सगळे आहेत, वाळवंट आहे, जिन आहेत. मजा येते. पण ती आपली दुनिया नाही, ती दुकानातल्या काचेतली दुनिया आहे. २००८ मध्ये तर 'जोजो'च्या एका जुन्या भागात खलनायकाच्या हातातल्या पुस्तकात कुराणाचं पान दिसलं म्हणून गदारोळ झाला. चित्रकारांना फक्त 'अरबी दिसणारं काहीतरी' हवं होतं. प्रकाशकांनी माफी मागितली, वितरण थांबवलं. दुष्टावा नव्हता, अज्ञान होतं. पण आपलं अक्षर दुसऱ्यासाठी नुसती नक्षी असते, हे त्या दिवशी कळलं.

आता मूळ प्रश्नाकडे. तुमच्यातले बरेच जण नारुतो पाहिलेले आहेत, म्हणून मी त्यातल्याच उचिहा घराण्याबद्दल बोलते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी दोन मिनिटं सहन करा. गावाच्या स्थापनेत वाटा असलेलं जुनं, कर्तबगार घराणं. गावावर नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचा हल्ला होतो. तो उचिहांनीच घडवला असणार, असा संशय पसरतो. मग त्यांची वस्ती हलवून गावाच्या कोपऱ्यात नेतात. त्यांच्यावर पाळत ठेवतात. मोठ्या निर्णयांतून ते बाहेर. संशयामुळे घराणं चिडतं, चिडल्यामुळे बंडाचा कट करतं, कट दिसल्यामुळे संशय खरा ठरतो. आणि मग त्या घराण्यातल्या एका हुशार पोराला, इटाचीला, विचारलं जातं: तू गावाचा की घराण्याचा?

मला माहीत आहे, हा भाग पाहताना तुम्ही मोबाईल थोडा जवळ धरला असेल. 'तू आधी भारतीय की आधी मुसलमान?' हा प्रश्न मला कॉलेजात असताना विचारला गेला होता, चहाच्या टपरीवर, हसत हसत. विचारणारा वाईट नव्हता. त्यानं तो स्वतःला कधी विचारून घेतला नव्हता, एवढंच. त्याच्या बाबतीत गाव आणि घराणं हे दोन वेगळे शब्दच नव्हते.

इटाची काय करतो? तो गाव निवडतो आणि एका रात्रीत आपल्या घराण्याची कत्तल करतो. आई, वडील, लेकरं. फक्त धाकटा भाऊ ठेवतो. आणि चाहत्यांच्या जगात इटाची कोण आहे? सगळ्यात मोठा हुतात्मा. त्याचे टी-शर्ट अकोल्याच्या बाजारात टांगलेले असतात. इथं माझं आणि तुमचं भांडण आहे. मासाशी किशिमोतो मोठे लेखक, पण या ठिकाणी त्यांनी हात आखडला असं मला वाटतं. ज्यांनी संशय पेरला त्यांचा हिशोब अर्धवट सुटतो, आणि आपल्याच माणसांना मारून निष्ठा सिद्ध करणारा पोरगा पूजेला लागतो. 'चांगला उचिहा' कोण, तर ज्यानं उचिहा संपवले तो. हे आपण किती सहज गिळलं! मला इटाचीपेक्षा शिसुई जवळचा वाटतो. तोही गावाचाच होता, पण त्याला रक्त न सांडता कट थांबवायचा होता, दोन्हीकडच्यांना वाचवायचं होतं. त्याचा एक डोळा गावातल्याच संशयखोर म्होरक्यानं, डान्झोनं, काढून घेतला. त्याचा टी-शर्ट मी अजून पाहिला नाही. 'अटॅक ऑन टायटन' पाहणारे म्हणतील, मॅडम, दंडावर पट्टी बांधून वेगळ्या वस्तीत राहणारी पोरं तिकडेही आहेत. आहेत. त्याच्यावर बोलायला अख्खी दुपार लागेल, पुन्हा बोलवा.

बाहेरची माणसं यात एक गंमत करतात. पोरगा जपानी निंजाचा टी-शर्ट घालून फिरला तर 'पोरकटपणा' म्हणून सोडून देतात. तोच पोरगा लॉकडाऊनमध्ये तुर्कस्तानची 'एर्तुग्रुल' मालिका उर्दू डबिंगमध्ये पाहायला लागला की शेजारच्याच्या कपाळावर आठी. दोन्ही परदेशी, दोन्हीत तलवारी, दोन्ही डब केलेल्या. एकात देशद्रोह शोधतात, दुसऱ्यात शोधत नाहीत. पण आपणही जरा आरशात पाहू. आपल्यातल्या काहींनी एर्तुग्रुलला गोष्ट म्हणून पाहिलं नाही, आपला हरवलेला इतिहास म्हणून पाहिलं. अनातोलियाच्या धनगर टोळीचा सरदार मेडशीच्या पोराचा पूर्वज कसा? तुमचा आजा घाटातून सागाची लाकडं आणायचा, तुमची आजी सोयाबीन यायच्या आधी याच मातीत ज्वारी खुरपायची. एर्तुग्रुल पाहा, जरूर पाहा, नारुतोइतकाच पाहा. पण तो चुलता नव्हे, पात्र आहे.

आणि उलट टोकाचा माणूसही आपल्याच विदर्भात आहे. जपानच्या ओकायामात जन्मलेले भदंत सुरेई ससाई साठच्या दशकात भारतात आले, नागपूरला राहिले, बाबासाहेबांच्या लोकांत मिसळले. ऐंशीच्या दशकात त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, पुढे दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून बसले. एक जपानी माणूस विदर्भाचा होऊ शकतो. मग विदर्भातच जन्मलेल्याला, सात पिढ्या इथल्या कब्रस्तानात असलेल्याला, एक कार्टून पाहिलं म्हणून कमी भारतीय ठरवणारा कोण?

मला खरी खंत वेगळीच वाटते. जपान्यांनी त्यांचे कोल्हे, नद्या, देवळं, सगळं गोष्टीत घातलं आणि जग ते पाहतं. आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? लोणारला आकाशातून उल्का पडली आणि तळं झालं. लोक म्हणतात तिथं लोणासुर राहायचा. नरनाळ्याचा किल्ला आहे, गाविलगड आहे. अचलपूरला फतहउल्ला इमाद-उल-मुल्क होता. फरिश्ता सांगतो की तो विजयनगरकडच्या ब्राह्मण घराण्यातला, पोरगा असताना लढाईत पकडला गेलेला, मुसलमान झाला आणि १४९० मध्ये वऱ्हाडचा सुलतान होऊन बसला. त्याला विचारा की बाबा तू आधी कोण! यावर दहा खंडांची चित्रकथा होईल. मराठीत अद्भुत कादंबऱ्या १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून आहेत, पण त्यात आपली माणसं आली तर बहुधा खलनायक म्हणून येतात. दुसऱ्यानं आपल्याला नीट लिहावं म्हणून दीडशे वर्षं वाट पाहून झाली.

आणि भाषेची लाज सोडा. घरात आपण 'क्या कर रा रे' म्हणतो, बाहेर 'काय करून रायला बे' म्हणतो, शाळेत 'तू काय करतोस' लिहितो. तीन भाषा आहेत आपल्याकडे, आणि तिन्हींत कोणी अय्यार बोललेला नाही. मी तर म्हणते अमर अय्यारला वऱ्हाडीतच बोलवा, लोभी माणसाला ती भाषा फार शोभते.

इथल्या एका मुलीनं सुरुवात केली आहे. नाव सांगू नका म्हणाली आहे, सांगत नाही. दोनशे पानी वहीत पेन्सिलनं काढलेली चित्रकथा आहे. डोळे जपानी पद्धतीचे मोठे, पण ओढणी आपली आणि घाट मेडशीचा. अय्यार म्हणजे एक म्हातारी बाई, एसटीतून उतरते, काखेला पिशवी. कंडक्टर तिला सामानाचं तिकीट मागतो, तर ती म्हणते पिशवी रिकामी आहे, हात घालून पाहा. तो हात घालतो आणि खांद्यापर्यंत आत जातो. तिथपर्यंत सव्वीस पानं झाली आहेत. आतून काय निघतं ते तिचं अजून ठरलेलं नाही. वही इथं टेबलावर ठेवली आहे, चहा होईपर्यंत पाहा. फक्त बोटाला तेल असेल तर आधी पुसा, पेन्सिल फासते.